पाकीट कोणाच्या खात्यावर?

मुंबईहून गोव्याकडे जाताना रत्नागिरी शहर महामार्गावर लागतच नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर उजवीकडे वळावे लागते. सरळ गेले की पाली, आणि पालीहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूर. दोन राष्ट्रीय महामार्ग जिथे एकमेकांना गाठतात त्या गावाला रुंदीकरण चुकत नाही. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण आणि मिऱ्या-नागपूर महामार्ग, या दोन्ही कामांची मोजणी, संपादन, हरकती आणि मोबदला या परिसराने पाहिला. रस्त्याचे काम म्हटले की डोळ्यांपुढे जेसीबी आणि धूळ येते. त्याआधी येतात ती पाकिटे. कोकणात तर फारच येतात. घाटावर सातबाऱ्यावर चार-दोन नावे असतात. इथे एखाद्या सामाईक गटावर आजोबांच्या चुलत भावांची नातवंडे धरून वीस-पंचवीस नावे सहज निघतात, आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबईला. नोटीस प्रत्येकाला स्वतंत्र जायला हवी. जमीन दोन गुंठे असो की दोन एकर, पाकिटांची संख्या हिस्सेदारांवर ठरते.

या पाकिटांना लागलेले पैसे कोणाच्या खात्यावर पडतात, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. रस्त्यासाठी जमीन घेतली, तर नोटिशीचा टपालखर्चही रस्त्याच्याच खर्चात दिसायला हवा. प्रत्यक्षात पत्र कोणत्या टेबलावरून निघाले, एवढेच पाहिले जाते. टपालाचे टेबल एकच, तिकिटांचा डबा एकच किंवा फ्रँकिंगचे यंत्र एकच. महिन्याच्या शेवटी एक आकडा निघतो आणि तो सगळ्यांचा असतो, म्हणजे कोणाचाच नसतो.

लहान कार्यालयांत हा प्रश्न कागदावर तरी पूर्वीच सुटलेला आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी २०११ ची लेखा संहिता आहे आणि तिच्यात ३३ नमुने ठरवून दिलेले आहेत. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, ती घराच्या उताऱ्यामुळे सगळ्यांना ठाऊक असते. नमुना १४ कोणाला ठाऊक नसतो. त्याचे नाव मुद्रांक हिशोब नोंदवही. किती तिकिटे आली, कोणत्या पत्राला किती लागली, हातात किती उरली, हे त्यात लिहायचे असते. हातखंब्यासारख्या ग्रामपंचायतीचे टपाल दिवसाला मूठभर. बरेचसे कागद तर शिपाईच घरोघर नेऊन देतो आणि डाकवहीवर पोच घेतो. त्यामुळे ही वही कपाटात जवळजवळ निजलेली असते आणि लेखापरीक्षणाच्या आदल्या आठवड्यात तिला जाग येते, असे म्हटले तर फार ग्रामपंचायत अधिकारी रागावणार नाहीत. पण तिची कल्पना पक्की आहे. पाच रुपयांच्या तिकिटासमोर पत्राचा जावक क्रमांक, जावक क्रमांकावरून विषय, विषयावरून फाइल. पाणीपट्टीच्या थकबाकीवर यंदा टपालाला किती गेले, हे या वहीतून अर्ध्या तासात काढता येते. मोठ्या कार्यालयांतली महागडी यंत्रे जे काम करतात, त्याचा गाभा हाच.

मोठ्या कार्यालयात मात्र ही साखळी तुटते. जिल्हाधिकारी कार्यालयाची बारनिशी, म्हणजे आवक-जावक टपालाचे टेबल, घ्या. महसूल, पुरवठा, निवडणूक, भूसंपादन, पुनर्वसन, रोजगार हमी, प्रत्येक शाखेची पत्रे दुपारनंतर एकाच टेबलावर येऊन पडतात. जावक क्रमांक पडतो, पाकीट बंद होते, वजन होते, तिकीट लागते. यातल्या पहिल्या पायरीवर शाखेची ओळख असते, शेवटच्या पायरीवर ती उरत नाही. पुढे राज्याच्या अर्थसंकल्पात तर टपाल हे नावही दिसत नाही. ते १३ क्रमांकाच्या उद्दिष्ट शीर्षात, कार्यालयीन खर्चात, कागद, शाई आणि झाडूंच्या सोबत बसते. त्या आकड्यावरून कोणत्या शाखेची पत्रे महाग पडली हे शोधणे म्हणजे आमटी चाखून मीठ कोणी टाकले ते सांगण्यासारखे आहे.

ज्याला टपाल फुकट पडते तो जपून पाठवत नाही, हा अनुभव फार जुना आहे. ब्रिटनमध्ये पार्लमेंटच्या सभासदांना पाकिटावर सही करून टपाल मोफत धाडण्याचा हक्क होता. त्या हक्काखाली मित्रांची, पाहुण्यांची, सावकारांची पत्रेही जाऊ लागली. १८४० च्या जानेवारीत एक पेनीचा सरसकट दर आला, त्याच वेळी ही सवलत गेली. दर सगळ्यांना एक, आणि पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे. हिंदुस्थानात डलहौसीच्या काळात, १ ऑक्टोबर १८५४ पासून, अंतर न पाहता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा दर लागू झाला. सरकारी टपालाला वेगळी ओळख मिळाली ती १८६६ मध्ये, नेहमीच्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापून. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये अशोकस्तंभाची सेवा तिकिटे आली आणि पुढे अनेक वर्षे तहसीलच्या खाकी पाकिटावर तीच दिसत राहिली. या तिकिटांमुळे सरकारचा टपालखर्च खासगी टपालापासून वेगळा झाला. सरकारच्या आत, एका शाखेचा दुसरीपासून वेगळा करणे ही त्यापुढची पायरी होती आणि ती तिकिटांना जमली नाही.

तिकिटांची दुसरी अडचण त्याहून साधी. तिकीट म्हणजे रोकड. डब्यातून दोन काढली तर कोणाला कळत नाही आणि पानवाला ती आनंदाने बदलून घेतो. १८६० च्या दशकात ब्रिटिश व्यापाऱ्यांनी यावर तोड काढली ती तिकिटांना बारीक भोके पाडून त्यात आपल्या कंपनीची आद्याक्षरे कोरण्याची. मुंबईतल्या व्यापारी कंपन्या, बँका आणि रेल्वे यांनीही तो मार्ग धरला. अशी भोकांची तिकिटे आज संग्राहक जपून ठेवतात. त्या काळी मात्र तो चोरीवरचा पहारा होता. पाहायची गोष्ट अशी की तिकिटे कोणी वापरायची हे ठरले, ती कशासाठी वापरली हे त्या भोकांतून कळत नव्हते.

फ्रँकिंगचे यंत्र याच पहाऱ्याच्या गरजेतून आले. अमेरिकेत शिकागोच्या एका वॉलपेपरच्या दुकानात काम करणारा आर्थर पिटनी तिकिटे चिकटवण्याच्या आणि ती गहाळ होण्याच्या कटकटीला कंटाळला होता. त्याने तिकिटाऐवजी छाप उमटवणारे आणि प्रत्येक छापेचे मूल्य आत मोजणारे यंत्र केले. पेटंट १९०२ चे. पुढची अठरा वर्षे टपाल खात्याला पटवण्यात गेली, कारण खात्याची भीती रास्त होती. खाजगी माणसाच्या हातात पैसे छापण्याचे यंत्र द्यायचे कसे? टपाल खात्यांना शिक्का मारण्याची यंत्रे विकणारा वॉल्टर बोज पिटनीला येऊन मिळाला आणि १९२० मध्ये त्यांच्या यंत्राला अमेरिकेच्या टपाल खात्याची मान्यता मिळाली. त्याच वर्षी माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय टपाल परिषदेने परदेशी टपालावरही अशा छापा चालतील असे ठरवले. आपल्या घरी आयुर्विमा महामंडळाची, बँकेची, लाभांशाची पाकिटे येत, त्यांच्यावरची तांबडी छाप म्हणजे त्याच यंत्राचे काम. छापेत मूल्य, तारीख, टपाल कार्यालय आणि परवान्याचा क्रमांक. शेजारी बऱ्याचदा कंपनीची एखादी ओळ.

जाता जाता एक खुलासा. महाराष्ट्रात फ्रँकिंग म्हटले की निम्म्या लोकांना फ्लॅटचा करारनामा आठवतो. तेलगीचा बनावट मुद्रांक घोटाळा उघडकीला आल्यावर मुद्रांक शुल्क भरण्यासाठी बँकांतल्या फ्रँकिंगच्या खिडक्यांवर रांगा लागू लागल्या. तंत्र तेच, शुल्क वेगळे. करारनाम्यावरची छाप राज्याच्या तिजोरीतली, पाकिटावरची टपाल खात्याची.

यंत्राच्या आत दोन आकडे असतात आणि सगळी विश्वासार्हता त्या दोघांच्या नात्यावर उभी आहे. एक चढता, एक उतरता. टपाल खात्याकडे पैसे भरले की उतरत्या आकड्यात तेवढी रक्कम जमा होते. प्रत्येक छापेबरोबर ती कमी होते आणि चढता आकडा तेवढाच वाढतो. समजा, आज सकाळी उतरता आकडा १०,००० आहे आणि यंत्राने आजवर छापलेली एकूण रक्कम, म्हणजे चढता आकडा, २,४०,०००. बेरीज २,५०,०००. संध्याकाळी १,२०० रुपयांचे टपाल गेले तर उतरता ८,८०० आणि चढता २,४१,२००. बेरीज पुन्हा २,५०,०००. पुढचा भरणा होईपर्यंत ही बेरीज हलत नाही. हलली तर यंत्र बिघडले किंवा कोणी हात घातला. जुन्या यंत्रांना शिशाचे सील असे आणि भरणा करायचा तर अख्खे यंत्र उचलून टपाल कार्यालयात न्यावे लागे. आताची यंत्रे दुरूनच भरता येतात आणि छाप शाईच्या फवाऱ्याने उमटते. बेरजेचा नियम मात्र तोच राहिला आहे. हिशेबनिसाला यापेक्षा सुंदर गोष्ट क्वचितच मिळते.

पण या दोन आकड्यांनाही शाखा कळत नाही. १,२०० गेले एवढेच ते सांगतात. शाखावार हिशेब हा त्यांच्यावर बसवलेला तिसरा थर. यंत्रात प्रत्येक शाखेचे एक खाते उघडतात, त्याला क्रमांक देतात, हवे तर प्रत्येक खात्याला वेगळा सांकेतिक अंकही. पाकीट ठेवण्यापूर्वी चालवणारा माणूस खाते निवडतो. त्यानंतर ज्या छापा पडतील त्यांची संख्या आणि रक्कम त्या खात्यावर चढते, पुढचे खाते निवडेपर्यंत. वजनकाटा जोडलेला असेल तर दरही यंत्रच ठरवते. महिन्याअखेर कागदाची एक पट्टी निघते, शाखा, पाकिटे, रुपये. सर्व शाखांची बेरीज चढत्या आकड्याच्या वाढीशी जुळली की हिशेब पुरा.

ऐकायला हे इतके सोपे आहे की अडतेय कुठे असे वाटते. अडते ते बटण दाबण्यात. साडेचारला टपाल गाडीची वेळ, टेबलावर सहा शाखांची पाकिटे एकमेकांत मिसळलेली, आणि चालवणारा एकटा. तो सकाळी जे खाते निवडले त्यावरच संध्याकाळपर्यंत सगळे ओढतो. यंत्र तक्रार करत नाही. बेरीज जुळते. आकडा खोटा असतो. म्हणून शाखावार हिशेब यंत्रापाशी सुरू होतच नाही, तो त्याआधी शाखेच्या दारात सुरू होतो. प्रत्येक शाखेने आपली पाकिटे वेगळ्या गठ्ठ्यात, वर शाखेच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून दिली, आणि चिठ्ठी नसलेला गठ्ठा परत पाठवण्याची मुभा टपालाच्या टेबलाला असली, तर चालवणाऱ्याला डोके चालवावे लागत नाही. ही मुभाच सहसा मिळत नाही. साहेबांच्या शाखेचा गठ्ठा परत पाठवणारा लिपिक मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी पळवाट खात्यांच्या यादीतच असते. जवळपास प्रत्येक यंत्रात ‘सामान्य’ किंवा ‘इतर’ नावाचे एक खाते उघडलेले सापडते. ठेवायलाही लागते, कारण खरोखर कोणाचीच नसलेली पत्रे असतात. पण शंका आली की तिथे टाकायचे ही सवय लागली की ते खाते फुगत जाते. माझा एक ढोबळ नियम आहे. ‘इतर’ खाते पहिल्या तीन शाखांत आले, तर त्या कार्यालयात शाखावार हिशेब नाही, फक्त शाखावार पट्टी आहे.

तरीही हा खटाटोप का करायचा, तर अंदाजाने वाटणी केली की ती फार चुकते म्हणून. एक कल्पित महिना घेऊ. पुरवठा शाखेची ४०० साधी पत्रे, हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येकी ५ रुपये धरू, म्हणजे २,०००. भूसंपादनाच्या ५० नोटिसा नोंदणीसह स्पीड पोस्टने, गावाबाहेर. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये, नोंदणीचे ५, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. पन्नासांचे झाले ३,०६८. एकूण खर्च ५,०६८. पाकिटांच्या संख्येवर वाटला तर पुरवठ्यावर ४,५०५ पडतात आणि भूसंपादनावर अवघे ५६३. दोन शाखांत निम्मेनिम्मे केले तर प्रत्येकी २,५३४. खरे आकडे या दोन्हींपासून दूर. संख्येची वाटणी न्यायाची वाटते आणि स्वस्त पत्रे पाठवणाऱ्याला दुपटीहून अधिक दंड करते. अशी पट्टी एकदा पुरवठ्याच्या नायब तहसीलदारापुढे गेली की पुढच्या महिन्यापासून त्याचा कोणत्याच पट्टीवर विश्वास बसत नाही.

नोंदणी टपालाचे प्रकरण तर अलीकडे अधिकच तापले आहे. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. त्याआधी साधे रजिस्टर्ड पत्र करासह जवळपास २६ रुपयांत जात होते. आता तेच काम वरच्या हिशेबाने गावाबाहेर ६१ रुपयांवर जाते. शंभर हिस्सेदारांच्या एका गटाच्या नोटिशीला पूर्वी २,६०० लागत, आता ६,१०० लागतील. ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपने टपाल संपवले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पाकिटे घटली हे खरे, पण जी उरली ती नेमकी महागडी उरली. ज्या कागदाची पोच न्यायालयात दाखवावी लागते तो कागद अजून टपालानेच जातो.

इथेच टपालाचा हिशेब लेखा शाखेतून बाहेर पडून वकिलाच्या हातात जातो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे कलम २७ सांगते की कायद्याने एखादा दस्तऐवज टपालाने बजावायचा असेल, तर पत्ता नीट लिहून, टपालखर्च आधी भरून, नोंदणी टपालाने पत्र टाकले की बजावणी झाली असे धरले जाते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. तीन अटी, आणि त्यांतली एक पैशाची. नोटीस मिळालीच नाही असे समोरच्याने म्हटले, तर कार्यालयाला दाखवावे लागते की या जावक क्रमांकाच्या पाकिटाला या दिवशी एवढी रक्कम लागली. टपाल कार्यालयाची पावती हा पहिला पुरावा, आपल्याकडची नोंद हा दुसरा. शाखावार पट्टी इथे कमी पडते, कारण तिला शाखा कळते, पत्र कळत नाही. नमुना १४ ची साधी वही या बाबतीत यंत्राच्या पुढे आहे. यंत्र फसवत नाही पण ढोबळ बोलते. वही बारीक बोलते पण तिच्यात मागाहून लिहिता येते. मागाहून लिहिणे ही काही कल्पनेतली भीती नव्हे. टपाल टाकल्याचा दाखला देणारी यूपीसी नावाची जुनी स्वस्त सोय मागच्या तारखेच्या शिक्क्यांनी बदनाम झाली आणि २०११ मध्ये टपाल खात्याने ती बंदच केली. शहाणे कार्यालय दोन्ही ठेवते आणि यंत्राच्या दिवसाच्या पट्टीवर पहिला व शेवटचा जावक क्रमांक लिहून ती जावक नोंदवहीत चिकटवते. एक ओळ लिहायचे काम. त्या ओळीने दोन्ही हिशेब एकमेकांना बांधले जातात.

पत्रागणिक खर्च वसूल करायची पद्धत सामान्य माणसाला सर्वांत आधी भेटते ती पतसंस्थेत. हप्ता थकला की नोटीस येते आणि पासबुकात ‘नोटीस खर्च’ नावाची ओळ उमटते. कर्जदार चरफडतो, पण हिशेबाच्या दृष्टीने ती ओळ निर्दोष आहे. ज्याच्यामुळे पत्र निघाले त्याच्या खात्यावर ते पडले. अर्थात, पाकिटाला लागलेल्या रकमेएवढीच ती असेल तर. साठ रुपयांच्या टपालाला दोनशे रुपये नोटीस खर्च लावला असेल, तर कर्जदाराने जावक क्रमांक आणि टपाल पावती मागावी. माहितीच्या अधिकारातही हेच तत्त्व आहे. महाराष्ट्राच्या नियमांत माहिती टपालाने मागवली तर प्रत्यक्ष टपालखर्च अर्जदाराच्या शुल्कात धरला जातो. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत पन्नास रुपयांपर्यंतचा टपालखर्च सरकार सोसते, वरचाच मागता येतो. दोन्हीकडे पाकीटनिहाय आकडा आधी काढावा लागतो. जिथे फक्त महिन्याची बेरीज ठेवतात तिथला माहिती अधिकारी अंदाजाने रक्कम कळवतो, आणि अंदाजावर अपील होते.

यंत्राच्या पट्टीला कार्यालयाचा सगळा टपालखर्च समजणे हाही एक नेहमीचा गोंधळ. यंत्राला फक्त त्याच्यावरून गेलेले पाकीट दिसते. स्पीड पोस्टचा करार केला असेल, आधी पाठवा आणि महिन्याने पैसे भरा अशा सोयीचा, तर त्याचे बिल वेगळे येते आणि त्यावर शाखा नसते, कार्यालय असते. शिपायाने घाईत खिडकीवर रोख भरून टाकलेले पत्र किरकोळ रोकडवहीत जाते. कुरिअरचे बिल तर बहुतेकदा भलत्याच शीर्षाखाली निघते. शाखांचे क्रमांक या चारही ठिकाणी एकच ठेवले तर महिन्याअखेर एक तक्ता होतो. यंत्रात भूसंपादन ७ आणि करारातल्या यादीत ते ३ असले की तक्ता करणारा माणूस दोन महिन्यांत नाद सोडतो.

आता पट्टी हातात आली. तिचे काय करायचे? पहिला मोह असतो ती साहेबांच्या बैठकीत सर्वांत खर्चिक शाखेपुढे नाचवण्याचा. तो टाळावा. भूसंपादनाचा खर्च जास्त असणारच, कायद्यानेच तो लावला आहे. पट्टीतला उपयोगी आकडा रकमेचा नसून सरासरीचा असतो, पाकिटामागे किती. साध्या पत्रांच्या शाखेची सरासरी पाचाहून दहाकडे सरकू लागली की समजावे, पाकिटे जाड झाली. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये मूळ दर आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. कार्यालयात सर्रास असतो तो ७५ जीएसएमचा ए-४ कागद, एक पान पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. पाकीट पाच ग्रॅमचे धरले तर तीन पाने कशीबशी पहिल्या टप्प्यात बसतात, चौथ्या पानाला खर्च दुप्पट. पाठपोट छापले तर सहा पानांचा मजकूर तिथेच बसतो. परिपत्रकाच्या चार प्रती चार शाखांतून एकाच तालुक्याला चार पाकिटांत जात असतील तर ते जावक नोंदवहीवरून कळते. सकाळची टपाल पिशवी तहसीलनिहाय लावली तर एकाच पाकिटात सगळे मावते. हे सगळे कोणालाही सुचेल असे आहे. ते सुचायला मात्र शाखेचा आकडा शाखेला दिसावा लागतो.

दुसरा आकडा यंत्र देतच नाही, तो हाताने लिहावा लागतो. परत आलेली पाकिटे. ‘पत्ता अपुरा’, ‘घर बंद’, ‘सोडून गेले’, ‘घेण्यास नकार’. यांतल्या शेवटच्याचा कायद्यात उपयोग होतो, ‘पत्ता अपुरा’ आणि ‘सोडून गेले’ यांचा खर्च पाण्यात आणि नोटीस पुन्हा काढायची. कोकणातल्या सातबाऱ्यावरच्या मुंबईकर हिस्सेदारांचे पत्ते बऱ्याचदा गिरणगावातल्या चाळींचे असतात. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, माणूस विरारला किंवा बदलापूरला गेला, नोंद मात्र खोली नंबर १४ च. अशा शाखेत टपालखर्च कमी करायचा मार्ग यंत्रात शोधून सापडणार नाही. गावातल्या भावकीकडून आजचे पत्ते लिहून घ्यायला तलाठ्याला एक दिवस दिला तर पुढच्या फेरीचे टपाल वाचते. पत्त्याच्या शेवटी पिन हवाच. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल-तार खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला हा मराठी माणूस संस्कृतात नाटकेही लिहीत असे. सारख्या नावांच्या गावांमुळे पत्रे भलतीकडे जाणे थांबावे हा त्यांचा हेतू होता. कोकणात पाली एक नाही. रत्नागिरीतली पाली आणि रायगडातली अष्टविनायकाची पाली यांत पिन नसेल तर नोटीस बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जाऊन परत येऊ शकते, आणि मुदतीचे दिवस तोवर निघून जातात.

चुकीच्या छापांचेही एक छोटे खाते ठेवावे. दर चुकला, पाकीट अडकले, छाप अर्धवट उमटली, तरी उतरता आकडा घटतोच. अशी पाकिटे फाडून टाकू नयेत. परवान्याच्या अटींनुसार ती टपाल कार्यालयात दाखवून परतावा मागता येतो. ती सापडली नाहीत तर शाखांची बेरीज आणि प्रत्यक्ष टपाल यांत फरक पडतो आणि लेखापरीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतो. उलट, दर कमी लागला तर पाकीट बेरंग होते आणि घेणाऱ्याला कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट भरावे लागते. सरकारी नोटीस बेरंग गेली तर ती नाकारायला घेणाऱ्याला आयतेच कारण मिळते. पाच रुपयांची ही बचत कोणत्याच पट्टीत दिसत नाही.

हे यंत्र कोणी घ्यावे? रोज शेकड्याने पाकिटे निघतात अशा जिल्हा कार्यालयाने, बँकेने, विद्यापीठाने, मोठ्या पतसंस्थेने. हातखंब्याच्या ग्रामपंचायतीला ते लागणार नाही. तिला वही पुरते, फक्त ती त्याच दिवशी लिहायला हवी. मधल्या आकाराच्या कार्यालयाने, पंचायत समितीने वगैरे, भाड्याच्या यंत्राआधी संगणकावर एक साधा तक्ता करून पाहावा. तारीख, जावक क्रमांक, शाखा, वजन, रक्कम. सहा महिने तो नेमाने भरला गेला तर यंत्राची गरज आहे की नाही हे त्या तक्त्यातूनच कळेल. तो भरलाच गेला नाही, तर यंत्रावरचे शाखेचे बटणही कोणी दाबणार नाही.

राहता राहिला मार्च. अनुदान ३१ तारखेला मावळते, म्हणून शेवटच्या आठवड्यात तिकिटांची थप्पी खरेदी होते किंवा यंत्रात मोठा भरणा होतो. सरकारी रोख हिशेबात पैसे ज्या दिवशी गेले त्या दिवशी खर्च झाला, त्यामुळे मार्चचा टपालखर्च आकाशाला भिडतो आणि एप्रिल-मेचा शून्य दिसतो. कंपनीचा हिशेबनीस हीच रक्कम आगाऊ दिलेला खर्च म्हणून मालमत्तेत धरतो आणि छापेगणिक खर्चात टाकतो. यंत्राच्या दोन आकड्यांमुळे सरकारी कार्यालयालाही हे वेगळे सांगता येते. ३१ मार्चच्या संध्याकाळी शेवटचे पाकीट गेल्यावर चढता आणि उतरता आकडा, आणि प्रत्येक शाखेची वर्षाची बेरीज, एकाच कागदावर काढून त्यावर दोन सह्या घ्यायच्या. उतरत्या आकड्यात जे उरले ते कोणत्याही शाखेचे नव्हे. ते न वापरलेले टपाल आहे आणि १ एप्रिलला सुरुवातीची शिल्लक म्हणून त्याच रकमेने नव्या वर्षाच्या पानावर चढवायचे.